एका डब्यात चार पदार्थ: श्रावणात बिघडलेल्या एका घरगुती बेकरी ऑर्डरचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

ठाण्यात घोडबंदर रोडच्या आतल्या बाजूला, येऊरच्या डोंगराकडे तोंड असलेल्या एका सोसायटीत दोन जावा मिळून घरगुती बेकरी चालवतात. ओळख पटू नये म्हणून त्यांना इथे फक्त थोरल्या आणि धाकट्या म्हणते. थोरल्या भाजायचं काम बघतात. ऑर्डर, पॅकिंग आणि हिशेब धाकट्यांकडे. सासूबाई त्याच घरात असतात आणि डबे-बरण्यांच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा असतो.

सुरुवात दिवाळीच्या नानकटाईपासून झाली. पूर्वी या घरातूनही तूप, मैदा आणि पिठीसाखर घेऊन बेकरीच्या भट्टीवर जायचं, रांगेत उभं राहायचं आणि भाजलेली नानकटाई पत्र्याच्या डब्यात भरून आणायची, अशी पद्धत होती. मग घरात ओटीजी, म्हणजे विजेवरचा छोटा ओव्हन, आला. शेजाऱ्यांनी चव घेतली, त्यांनी नातेवाइकांना सांगितलं, आणि दोन दिवाळ्यांत चांगला जम बसला. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे नोंदणी झाली, चौदा आकडी क्रमांक लेबलवर आला. नानकटाईच्या जोडीला जिरा बिस्किटं आणि मावा केक, आणि शनिवार-रविवारी कणकेचा पाव.

या सगळ्यात एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली नव्हती. आतापर्यंतच्या मोठ्या ऑर्डरी दिवाळी ते होळी या काळातल्या होत्या. तेव्हा ठाण्याची हवा त्यातल्या त्यात कोरडी असते. नानकटाई कुठल्याही डब्यात ठेवा, आठ-दहा दिवस तिला काही होत नाही. लेबलवरचे ‘७ दिवसांत संपवा’ हे शब्दही त्या दिवाळीच्या अनुभवावरून ठरलेले होते.

पावसाळ्यातली पहिली मोठी ऑर्डर आली ती नारळी पौर्णिमा आणि राखीची. चाळीसेक भेटडबे. प्रत्येकात आठ नानकटाया, जिरा बिस्किटांचा एक थर, मावा केकचे चार तुकडे आणि एक छोटा कणकेचा पाव. पारदर्शक झाकणाचा पुठ्ठ्याचा डबा, आत बटर पेपर, बाहेरून क्लिंग फिल्म घट्ट गुंडाळलेली. वर एकच लेबल: ‘थंड व कोरड्या जागी किंवा फ्रिजमध्ये ठेवा. ७ दिवसांत संपवा.’ श्रावण असल्यामुळे केक बिनअंड्याचा हवा होता, म्हणून दही आणि दूध घातलेली नवी कृती वापरली. ती नेहमीच्या केकपेक्षा ओलसर आणि मऊ होती. चवीला सगळ्यांना फार आवडली होती, पण ती किती दिवस टिकते हे पाहिलेलं नव्हतं.

काय बिघडलं

भाजणं मंगळवारी आणि बुधवारी चाललं. केकचा शेवटचा घाणा बुधवारी रात्री उशिरा निघाला. सकाळी लवकर डबे बाहेर पडायचे होते, म्हणून केक कोमट असतानाच कापला आणि भरला. गुरुवारी वर्तकनगर, नौपाडा, कळवा इथले डबे स्कूटरवरून गेले. काही डबे ठाणे-वाशी लोकलने ऐरोली आणि कोपरखैरणेला पोहोचले. दिवसभर पावसाची झड होती.

दुसऱ्याच दिवशी पहिला मेसेज आला: ‘पाव फ्रिजमध्ये ठेवला होता, दगड झालाय.’ शनिवारी तिघींनी कळवलं की नानकटाई मऊ पडली आहे, तोंडात खुसखुशीतपणा राहिला नाही. रविवारी ऐरोलीहून फोटो आला. मावा केकच्या कापलेल्या बाजूवर मोहरीएवढे हिरवट ठिपके होते.

इथे पहिला निर्णय घ्यावा लागला, आणि माझ्या मते संपूर्ण प्रकरणात तोच सर्वांत महत्त्वाचा होता. धाकट्यांचं म्हणणं होतं, “ताई, ज्यांनी कळवलंय त्यांचे पैसे परत देऊ. बाकीच्यांना आपणहून सांगितलं तर उगाच बोभाटा होईल.” थोरल्या म्हणाल्या, “अगं, सगळे केक दोन दिवसांत, एकाच ओट्यावर भाजलेत. एकाला बुरशी आली तर बाकीचे कसे सुटतील? घरात लहान मुलं असतात.”

त्या संध्याकाळी दोघींनी यादी वाटून घेतली आणि प्रत्येक घरी फोन केला. केक खाऊ नका, टाकून द्या, वरचा भाग खरवडून उरलेला खाऊ नका, असं स्पष्ट सांगितलं. हे शेवटचं वाक्य फार मोलाचं होतं. आपल्याकडे अन्न टाकायला जीव होत नाही, आणि ठिपका काढून बाकीचं खाणं पुष्कळ घरांत चालतं. पण केक-पावासारख्या सच्छिद्र पदार्थात बुरशीचे तंतू दिसणाऱ्या ठिपक्याच्या बरेच आतपर्यंत गेलेले असतात. काही बुरश्या विषारी द्रव्यं तयार करतात आणि ती पुन्हा गरम केल्याने नाहीशी होत नाहीत. केकचे पैसे सगळ्यांना परत दिले गेले.

डबा उघडून पाहिल्यावर

मी अन्नतंत्रज्ञान शिकले आहे आणि ठाणे-नवी मुंबई भागातल्या घरगुती उत्पादकांना टिकवणुकीबाबत सल्ला देते. या दोघींनी मला बोलावलं तेव्हा त्यांची समजूत होती की नानकटाईत तूप कमी-जास्त झालं असावं, किंवा ओटीजी नीट तापत नसावा. परत आलेले दोन डबे ओट्यावर ठेवलेले होते.

झाकण उचलल्यावर पहिली गोष्ट दिसली ती आतल्या बाजूचे पाण्याचे बारीक थेंब. केकच्या बरोबर वर ते दाट होते आणि बिस्किटांकडे विरळ होत गेले होते. मग मी नानकटाया एकेक करून मोडून पाहिल्या. केकला चिकटून असलेली बोटाने दाबली तर दबत होती, तुटताना आवाज नव्हता. तिच्या पलीकडची थोडी बरी. डब्याच्या लांबच्या कोपऱ्यातली अजून कट्कन तुटत होती. सगळ्या एकाच घाण्यातल्या, एकाच कृतीच्या. कृतीत खोट असती किंवा निव्वळ बाहेरच्या हवेने काम केलं असतं, तर सगळ्या साधारण सारख्याच सादळल्या असत्या. इथे ओल डब्यातूनच, केककडून आलेली होती.

पदार्थात एकूण पाणी किती आहे यापेक्षा त्यातलं मोकळं, म्हणजे बुरशी-जंतूंना वापरता येईल असं पाणी किती आहे, यावर त्याचं टिकणं ठरतं. त्याचं मोजमाप शून्य ते एक या पट्टीवर करतात. चांगली भाजलेली बिस्किटं साधारण ०.३ च्या आसपास असतात. ओलसर केक ०.८५ ते ०.९ आणि पाव ०.९५ च्या जवळपास. बहुतेक बुरशींना वाढायला ०.८ च्या वर लागतं, चिवट बुरशा त्याहून कमीवरही जगतात. म्हणून बिस्किटांना सहसा बुरशी येत नाही, ती सादळतात. केकला मात्र बुरशी येते. आणि असे दोन पदार्थ एका बंद जागेत ठेवले की पाणी केक-पावातून बिस्किटांकडे जात राहतं, दोन्हीकडची पातळी सारखी होईपर्यंत. ०.४-०.५ च्या पुढे गेलं की बिस्किटाचा कुरकुरीतपणा संपतो.

क्लिंग फिल्मने डबा घट्ट गुंडाळणं इथे उलट अंगावर आलं. हवाबंद म्हणजे सुरक्षित, ही समजूत कोरड्या पदार्थापुरती खरी आहे. आत एक ओला पदार्थ असेल तर हवाबंद डबा त्याची ओल बाहेर जाऊ देत नाही आणि शेजाऱ्याला देऊन टाकतो. त्यात केक कोमट असताना भरलेला. त्याची वाफ झाकणाला लागली, थेंब झाले आणि परत केकवर उतरले.

बुरशीचे ठिपके केकच्या वरच्या भाजलेल्या सालीवर नव्हते, कापलेल्या बाजूंवर आणि कागदाला टेकलेल्या खालच्या भागावर होते. ओव्हनमधून निघताना केकवर जिवंत बुरशी नसते, ती उष्णतेने मरते. नंतर हवेतून, सुरीतून, पाटातून, हातातून तिचे बीजाणू येतात. घरात केक कापायची सुरी आणि पाट वेगळे नव्हते. ज्या पाटावर सकाळी भाजी चिरली, तोच पुसून घेतला होता.

पाव मी हाताने उलगडून ओढून पाहिला. पावसाळ्यात पावाला कधी कधी तार येते: आतला गर चिकट होतो, ओढल्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे सुटतात आणि पिकून उतरलेल्या फळासारखा वास येतो. मातीतून धान्यावर येणाऱ्या एका जिवाणूचे बीजाणू भाजण्यातूनही वाचतात, त्यांचा हा परिणाम. इथे तसं काही नव्हतं. पाव नुसता कडक झाला होता, आणि तो फ्रिजमुळे. भाजताना पिठातला स्टार्च फुलून मऊ होतो, नंतर हळूहळू परत घट्ट बांधला जातो. ही प्रक्रिया सर्वांत वेगाने होते ती गोठणबिंदूच्या थोडं वरच्या तापमानाला, म्हणजे नेमकी घरातल्या फ्रिजच्या चार-पाच अंशांवर. लेबलवर ‘किंवा फ्रिजमध्ये ठेवा’ असं लिहिलं होतं, आणि गिऱ्हाइकांनी ते प्रामाणिकपणे पाळलं.

तीन पदार्थ तीन वेगवेगळ्या तऱ्हेने बिघडले, आणि तिघांना मिळून एक डबा, एक लेबल आणि एक मुदत दिलेली होती. कृती तिन्ही चांगल्या होत्या. बिघाड झाला तो ओव्हनमधून बाहेर आल्यापासून ते गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंतच्या वेळात.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय धाकट्यांनीच पुढे केला: टिकवण्यासाठी काही घालायचं का? पावासाठी कॅल्शियम प्रोपियोनेट सर्रास वापरतात आणि नियमात राहून ते चालतं. पण मैद्याच्या वजनाच्या हजारात दोन-तीन भाग एवढंच ते घालायचं असतं. अर्ध्या किलोला ग्रॅम-दीड ग्रॅम. घरातला वजनकाटा एकेक ग्रॅमने सरकतो, त्यावर हे मोजणं म्हणजे अंदाजपंचे. शिवाय लेबलवर तसं लिहावं लागतं, आणि यांची गिऱ्हाइकं ‘घरचं, बिनरसायनाचं’ म्हणून येणारी. मुख्य मुद्दा हा की सादळलेल्या नानकटाईला त्याचा काडीचा उपयोग नाही. तो पर्याय सोडला.

दुसरा, हवेतली ओल कमी करणारं यंत्र घ्यायचं. स्वयंपाकघराला एक्झॉस्टचा मोकळा झरोका आणि सतत उघडी बाल्कनी. तिथे ते यंत्र दिवसभर चालवून बाहेरचा पाऊस कोरडा करण्यासारखं झालं असतं. पण यातून एक चांगली गोष्ट सुचली. बेडरूममध्ये एसी होता. एसी खोली थंड करताना हवेतलं पाणीही काढतो. मग बिस्किटं निवण्याची आणि भरण्याची जागाच बदलली तर? यंत्र विकत न घेता काम होणार होतं.

तिसरा, मावा केक पावसाळ्यापुरता बंद करायचा. थोरल्यांना हे जड गेलं, कारण राखीच्या डब्याची मागणी केकमुळेच होती. चौथा, सगळं वेगवेगळं बांधायचं. त्याला पिशव्या, सीलिंगचं यंत्र आणि जास्त वेळ लागणार, म्हणजे डब्याची किंमत वाढणार. पाचवा पर्याय फक्त कॅलेंडरचा: केक आणि पाव डिलिव्हरीच्या आदल्या संध्याकाळीच भाजायचा, त्याआधी नाही, आणि एका दिवशी तेवढ्याच ऑर्डरी घ्यायच्या.

माझा कल चौथ्या आणि पाचव्याकडे होता. पण खर्च त्यांचा होता, त्यामुळे मी आग्रह धरला तो एकाच गोष्टीचा: आधी घरातच करून बघा, मग पैसे घाला.

घरातली चाचणी

नानकटाईचा एक मोठा घाणा भाजून पूर्ण निववला आणि सारख्या वजनाचे पाच भाग केले. एक सासूबाईंच्या पितळी कडीच्या स्टीलच्या डब्यात. दुसरा तशाच डब्यात, पण तळाशी कोरडे भाजून निववलेल्या तांदळाची मलमलची पुरचुंडी ठेवून, कारण सासूबाईंचा तसा आग्रह होता आणि तो तपासून बघण्यासारखा होता. तिसरा नेहमीच्या पातळ प्लास्टिकच्या पिशवीत रबरबँड लावून. चौथा फिरकीच्या झाकणाच्या जाड बरणीत. पाचवा चंदेरी थराच्या पिशवीत, उष्णतेने सील करून. सगळे स्वयंपाकघराच्या एकाच फळीवर. शेजारी हवेतली आर्द्रता दाखवणारा छोटा घड्याळासारखा मापक, जो बाजारात काही शे रुपयांत मिळतो. आठवडाभर तो ८० ते ९० टक्क्यांच्या मध्ये फिरत राहिला.

तपासायची पद्धत साधी होती: वजनकाटा. बिस्किट सादळतं म्हणजे हवेतलं पाणी पितं, म्हणून त्याचं वजन वाढतं. पाचशे ग्रॅमवर सात-आठ ग्रॅम वाढले की जिभेला फरक कळतो, हे थोरल्यांनी स्वतः खाऊन ठरवलं.

रबरबँडची पिशवी दुसऱ्याच दिवशी हरली. प्लास्टिक एवढं वाईट नव्हतं, तोंड वाईट होतं. स्टीलचा डबा तीन दिवस ठीक होता, पण तो रोज उघडला जात होता आणि प्रत्येक वेळी बाहेरची हवा आत शिरत होती. तांदळाच्या पुरचुंडीने त्याला आणखी दोनेक दिवस सावरलं. सासूबाईंचं म्हणणं खरं निघालं, फक्त एक अट होती: तांदूळ नुकते भाजलेले हवेत. नुसत्या कोरड्या दिसणाऱ्या तांदळात आधीच बारा-तेरा टक्के पाणी असतं, ते आणखी फारसं शोषत नाहीत. फिरकीची बरणी आठवडाभर टिकली. सीलबंद पिशवीच्या वजनात काट्याला दिसेल असा फरकच पडला नाही.

एक जुनी सवय मात्र मोडावी लागली. डब्याच्या तळाशी वर्तमानपत्र घालायची. ओल शोषली जाते हे खरं, पण शाईतली द्रव्यं तुपकट पदार्थात उतरतात. अन्न गुंडाळायला किंवा साठवायला वर्तमानपत्र वापरायला २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत बंदी आहे. सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी सगळे डबे धुवून, उन्हाची तिरीप आली तशी वाळवून, आत साधा बटर पेपर घातला.

केकची चाचणी वेगळी घेतली. निम्मे तुकडे कोमट असताना भरले, निम्मे जाळीवर पूर्ण निववून, धुतलेल्या आणि उकळत्या पाण्याने पोळवलेल्या सुरीने कापून. खोलीच्या तापमानाला पहिल्या गटावर तिसऱ्या दिवशी ठिपके दिसले, दुसऱ्यावर पाचव्या दिवशी. फ्रिजमध्ये दुसरा गट आठवडाभर स्वच्छ राहिला, पण त्याला बोंबलाचा वास लागला, कारण तो उघड्या ताटलीत होता आणि तुपा-माव्याचे पदार्थ शेजारचा वास लगेच धरतात. झाकणाच्या डब्यात ठेवल्यावर तो प्रश्न गेला. माव्याचा पदार्थ पाच दिवस बाहेर स्वच्छ दिसला म्हणून तो पाच दिवस खाण्याजोगा असतो असं मात्र नाही. डोळ्यांना न दिसणारे जंतूही त्यात वाढत असतात. केकची मुदत आम्ही बाहेर एक दिवस आणि फ्रिजमध्ये चार दिवस अशी मुद्दाम कमी ठरवली.

केलेले बदल

भेटडब्याचा साचाच बदलला. नानकटाई आणि जिरा बिस्किटं आता वेगवेगळ्या सीलबंद पिशव्यांत जातात. जिऱ्याचा वास नानकटाईच्या वेलचीला मारतो, हे कारणही त्यात होतं. बिस्किटं जाळीवर निवतात ती बेडरूममध्ये, एसी तासभर आधी लावून, आणि तिथेच भरली जातात. निवली की लगेच भरायची, कारण उघड्यावर ठेवलेलं प्रत्येक मिनिट ओल घेणारं असतं. निवली हे कसं ओळखायचं? वरून हात लावून नाही, तर एक नानकटाई मोडून आतला भाग गालाला लावून. थोरल्यांची ही युक्ती मला फार आवडली.

ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या डब्यात टाकायच्या का, यावर बराच वेळ चर्चा झाली. धाकट्यांनी ऑनलाइन मागवल्याही होत्या, निळ्या मण्यांच्या. निळा रंग येतो तो कोबाल्टच्या क्षारामुळे, आणि तो अन्नाजवळ नको. अन्नासाठीच्या पांढऱ्या पुड्या मिळतात, पण भेटडबा लहान मुलांच्या हातात जातो. म्हणून त्या पुड्या फक्त घरातल्या साठवणीच्या बरण्यांत, डब्यांत नाहीत, असं ठरलं.

मावा केक भेटडब्यातून काढला. तो आता श्रावण-भाद्रपदात स्वतंत्र ऑर्डरीने, आदल्या संध्याकाळी भाजून, न कापता, छोट्या लादीच्या रूपात जातो. न कापलेल्या केकला उघडी बाजू नसते, त्यामुळे बुरशीला टेकायला जागाही कमी. सुरी आणि पाट वेगळे झाले, पाटावर लाल दोरा बांधला आहे.

पाव सकाळी भाजून त्याच दिवशी दिला जातो. लेबलवर लिहिलं जातं: ‘दोन दिवस बाहेर, फ्रिजमध्ये ठेवू नका. जास्त दिवस हवा असेल तर काप करून, दुहेरी पिशवीत घालून फ्रीझरमध्ये.’ फ्रीझरमध्ये, म्हणजे उणे १८ अंशांच्या आसपास, स्टार्चचं घट्ट होणं जवळजवळ थांबतं. काप थेट तव्यावर किंवा टोस्टरमध्ये गरम केला की पुन्हा मऊ होतो, कारण साठ अंशांच्या वर स्टार्चची बांधणी सैल पडते. अख्खा पाव फ्रीझरमधून काढलाच तर पिशवी न उघडता बाहेर ठेवायचा, म्हणजे हवेतलं पाणी पिशवीच्या बाहेरच्या बाजूला जमतं, पावावर नाही.

प्रत्येक पदार्थाला स्वतःचं लेबल आणि स्वतःची मुदत मिळाली. नानकटाईच्या लेबलवर एक ओळ जास्त आहे: ‘मऊ पडली तर १५० अंशांवर पाच-सात मिनिटं भाजा आणि पूर्ण निवल्यावर खा.’ गिऱ्हाइकाला हे सांगणं कमीपणाचं वाटेल असं धाकट्यांना वाटत होतं. मला वाटतं पावसाळ्यात ही ओळ प्रत्येक बिस्किटाच्या पुड्यावर हवी. ओव्हनमधून काढताना नानकटाई मऊच लागते, निवता निवता कुरकुरीत होते. हे माहीत नसल्याने लोक जास्त भाजून करपवतात.

निकाल

गणपतीच्या ऑर्डरी साधारण तितक्याच होत्या. नानकटाई सादळल्याची एक तक्रार आली. चौकशी केल्यावर कळलं की पिशवी उघडून तशीच ताटात दोन दिवस आरतीच्या प्रसादाजवळ होती. केकची तक्रार नाही. पावाचं गिऱ्हाइक उलट वाढलं, कारण लोकांना काप करून फ्रीझरमध्ये ठेवायची सोय कळली आणि ते दोन-दोन पाव घेऊ लागले.

किंमत मात्र वाढली. पिशव्या, सीलिंगचं यंत्र आणि एसीचं बिल धरून डब्यामागे पस्तीसेक रुपये चढले, आणि राखीच्या वेळची काही गिऱ्हाइकं परत आली नाहीत. ती किमतीमुळे गेली की बुरशीमुळे, हे सांगता येणार नाही. ज्यांना रविवारी फोन गेला होता त्यातली बरीचशी टिकली. एका आजींनी तर फोनवरच पुढच्या महिन्याची ऑर्डर दिली होती.

ऑक्टोबरमध्ये नवा प्रश्न आला. पाऊस ओसरला, हवा कोरडी झाली, ऊन तापायला लागलं, आणि खिडकीजवळच्या काचेच्या बरणीतली नानकटाई दोन आठवड्यांत खवट लागू लागली. ती पूर्ण कुरकुरीत होती, पण तुपाला वास होता. हा बिघाड ओलीचा नाही, तर प्रकाश, उष्णता आणि हवेतल्या प्राणवायूचा. सिलिका जेल इथे काही करत नाही आणि पुन्हा भाजून तो जातही नाही, उलट वाढतो. बरणी अंधाऱ्या कपाटात गेली, आणि दिवाळीच्या साठ्यासाठी बरण्या काठोकाठ भरायची सवय लावली, म्हणजे आत हवाच कमी राहते. काजू-बदाम लावलेल्या नानकटायांची मुदत आणखी कमी केली, कारण सुक्यामेव्यातलं तेल आधी खवट होतं.

वेगळं काय करता आलं असतं

नवी कृती आली की चव बघतात, टिकणं बघत नाहीत. बिनअंड्याच्या केकचे दोन तुकडे ऑर्डरीच्या आठवडाभर आधी डब्यात भरून ओट्यावर ठेवले असते, तर नारळी पौर्णिमेआधीच ठिपके घरात दिसले असते. आता प्रत्येक घाण्यातला एक नग, ज्या पॅकिंगमध्ये गिऱ्हाइकाकडे जातो त्याच पॅकिंगमध्ये, तारीख लिहून मागे ठेवला जातो. एखाद्या घरून फोन आला तर आधी तो उघडून बघायचा.

मुदत ऋतूप्रमाणे बदलायला हवी होती. थंडीतला आकडा श्रावणात चालत नाही. त्यांनी आता जून ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मे अशी लेबलांची दोन पुडकी छापून घेतली आहेत. मला स्वतःला मे महिन्यासाठी तिसरं असावं असं वाटतं, कारण ठाण्यातल्या मे महिन्यात उष्मा आणि खाडीकडची ओल एकत्र असते. त्यावर अजून एकमत नाही. येत्या मे महिन्यात त्याच पाच डब्यांची चाचणी पुन्हा लावायची आणि मग ठरवायचं, असं तूर्त ठरलं आहे.

रात्री उशिरापर्यंत भाजायची वेळ आली ती ऑर्डरी घेताना आकडा न धरल्यामुळे. केक कोमट भरला गेला तो कोणाच्या अज्ञानामुळे नाही. थोरल्यांना निववायचं माहीत होतं, पण रात्रीचे बारा वाजत आले होते आणि सकाळी सातला डबे बाहेर पडायचे होते. म्हणून आता धाकट्यांच्या वहीत ऑर्डरीचा रकाना भाजण्याच्या वेळेवरून नाही, तर निवण्याच्या वेळेवरून भरला जातो: बेडरूममधल्या जाळ्यांवर एका वेळी जेवढं मावतं, तेवढ्याच ऑर्डरी त्या दिवसाच्या.